वायरमनकाका, सेल्फ गेलाच नव्हता

काका, नमस्कार.

माझ्या गाडीच्या लेखावर तुम्ही दिलेल्या प्रतिक्रियेला उत्तर द्यायला आठवडा लागला. ‘ताईंनी चारशे रुपयांचा मीटर घेतला आणि लालबागच्या वायरमनला शिकवायला निघाल्या’ हे तुमचं वाक्य माझ्या भावाने घरच्या ग्रुपवर टाकलं. दोन दिवस सगळे हसत होते आणि मी धुमसत होते. मग शांतपणे पुन्हा वाचलं. टोमणे बाजूला काढले तर तुमच्या प्रतिक्रियेत दम आहे, आणि एका मुद्द्यावर तर मी साफ चुकले आहे.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी: बाबांची १९९७ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, गेल्या जुलैत सेल्फ घेईना, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर नीट फिरेना. चावी फिरवली की एक ‘टक्’, नशीब असेल तर दोन-तीन आळसट वळसे, आणि गप्प. बॅटरी जेमतेम चार महिन्यांची. चेंबूरच्या एका गॅरेजमध्ये ‘सेल्फ गेला’ असं निदान झालं आणि साडेतीन हजारांत रिपेअर केलेला दुसरा सेल्फ बसला. तीन आठवडे गाडी झकास चालली. मग पुन्हा ‘टक्’. शेवटी दोष सापडला तो बॉडीकडून गिअरबॉक्सला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणाऱ्या विणलेल्या तारेत.

यावर तुम्ही लिहिलंत, की अर्थिंग गेलं असतं तर हेडलाइट आणि हॉर्न चाललेच नसते. पट्टीवर मीटरने (व्होल्ट-ओहम मोजायच्या मल्टिमीटरने) ‘बीप’ दिला हे मी स्वतःच लिहिलंय, म्हणजे पट्टी ठीक होती. एकच टक् म्हणजे सोलेनॉइडचे, सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचे, कॉन्टॅक्ट जळाले, हे गॅरेजमधलं पोरगंही सांगेल. आणि तुमच्या मते मी उगाच एका कष्टाच्या माणसाला, त्या गॅरेजवाल्याला, चोर ठरवलं. वर लोकांना सेल्फवर हातोडी मारायला शिकवलं.

हातोडीचं आधी. ते मान्य, बिनशर्त. झिजलेले कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे) अडकलेले असले की ठोकल्यावर सेल्फ एखादवेळ उचलतो, म्हणून मी ते लिहिलं. पण बऱ्याच सेल्फमध्ये फील्ड कॉइलच्या (करंटने चुंबक होणाऱ्या वेटोळ्यांच्या) जागी कायम चुंबक असतात आणि ते ठिसूळ असतात, हे मी लिहायला हवं होतं. चुंबकाला तडा गेला की बरा सेल्फही भंगारात. ते वाक्य लेखातून काढलंय.

हेडलाइटचं मात्र पटत नाही. हेडलाइटची अर्थिंग बॉडीला असते, इंजिनला नाही. आमच्या गाडीत निगेटिव्हची केबल कधीतरी बदलताना कुणीतरी ती नुसती बॉडीला नेऊन बसवली होती. तिथून गिअरबॉक्सपर्यंत जायला ती एकच विणलेली पट्टी. दिव्यांचा करंट त्या पट्टीतून जातच नव्हता, सेल्फचा सगळा तिथूनच परतत होता. आणि गेला असता तरी काय? साठ वॉटचे दोन दिवे मिळून दहा अँपिअर. सेल्फ शंभर आणि वर मागतो.

‘बीप’चंही तेच. तार जोडलेली आहे का पाहायच्या त्या ‘बीप’च्या चाचणीत मीटर अगदी नावापुरता करंट सोडतो. पट्टीतली चार तारा शिल्लक असल्या तरी तो खूश. नळाला थेंब येतोय म्हणून टाकी भरेल, असं आपण मुंबईकर तरी म्हणणार नाही.

म्हणून मी मोजलं ते सेल्फ मारताना. ठिणगी देणाऱ्या इग्निशन कॉइलची वायर काढून ठेवली, म्हणजे गाडी चालू व्हायला नको. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चावीवर भाऊ. नुसत्या उभ्या गाडीत बॅटरी १२.५ व्होल्ट दाखवत होती, ते तुम्ही म्हणता तसं फारसं कामाचं नाही. चावी फिरवल्यावर तोच आकडा ११.१ वर आला. इथेच मला शंका आली. बॅटरी कमकुवत असती किंवा सेल्फ आतून जाम होऊन भरमसाट करंट खात असता, तर आकडा साडेनऊच्या खाली आपटला असता. सेल्फ रडतोय आणि बॅटरी मजेत आहे, म्हणजे मधे कुठेतरी वाट अडली आहे.

मग बॅटरीच्या प्लसपासून सोलेनॉइडच्या पलीकडल्या, मोटरकडच्या बोल्टापर्यंत वाटेत किती व्होल्ट हरवतात ते मोजलं: ०.४. तुम्ही जळाले म्हणता ते कॉन्टॅक्ट याच मोजमापात आले. ते गेले असते तर जवळपास पूर्ण बॅटरीचा आकडा इथेच दिसला असता. मग मायनसपासून सेल्फच्या अंगापर्यंत: २.६. इथे ०.२, फार तर ०.३ चालतं. ११.१ मधून हे दोन्ही वजा करा, मोटरच्या वाट्याला ८.१ व्होल्ट. हा अडथळा ओहममध्ये काढला तर ०.०२६ वगैरे भरतो. माझ्या चारशेच्या मीटरला तो ओहमच्या पट्ट्यात दिसणं शक्यच नाही. करंट वाहत असतानाच तो पकडावा लागतो.

खात्रीसाठी जंप केबलची एक वायर बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं टोक थेट गिअरबॉक्सच्या उघड्या बोल्टाला लावलं. सेल्फ असा खणखणीत फिरला की भावाने दचकून चावी सोडली.

आता तुमच्या बाजूची एक गोष्ट सांगते, जी लेखात लिहायची राहिली. तुम्ही म्हणालात, ‘आम्ही मीटरने नाही, हाताने ओळखतो.’ त्या दिवशी पाच-सहा वेळा सेल्फ मारल्यावर मी चोकची (थंड इंजिन सुरू करताना ओढायची) नॉब आत ढकलायला गेले तर ती कोमट लागली. बॉनेटखाली चोकच्या केबलला हात लावला तर चांगलीच गरम. पट्टीतून वाट मिळेना म्हणून करंट इंजिनकडून बॉडीकडे त्या बिचाऱ्या केबलमधून परतत होता! हे मला आधी कळलं असतं तर मीटर काढायचीही गरज नव्हती. तुमच्या हाताला ते पहिल्याच मिनिटात कळलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

आणि चोर? लेख पुन्हा वाचून पाहिला, तो शब्द नाही. पण सूर तसा लागतो हे खरं. त्या गॅरेजवाल्याला आमच्या गाडीनेच फसवलं. पट्टीचं एक टोक सेल्फच्याच बोल्टाखाली होतं. सेल्फ बदलताना त्याने तो बोल्ट सोडला, पुन्हा आवळला, गंजलेल्या पृष्ठभागावर नवी जागा घासली गेली आणि अर्थिंग तात्पुरती जुळली. नवा सेल्फ बसला, गाडी चालू झाली, निदान बरोबर ठरलं. त्याच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. पुढे जुलैचं पाणी, त्यात समुद्राची खारी हवा; तीन आठवड्यांत हिरवट थर परत. मी पट्टी काढली तेव्हा लगच्या (टोकाच्या कडीच्या) आतल्या तारा बोटाने चुरगळत होत्या. नवी पट्टी कुर्ल्याला सीएसटी रोडवर १८० रुपयांना मिळाली. दोन्ही टोकांची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, बोल्ट आवळून वरून ग्रीस फासलं. त्यानंतर मायनसपासून सेल्फच्या अंगापर्यंतचा तोच २.६ चा आकडा ०.१ झाला.

(जाता जाता: सेल्फ हा शब्द ‘सेल्फ स्टार्टर’मधला. केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने १९१२च्या कॅडिलॅकमध्ये तो विजेवर चालवून दाखवला आणि हँडल मारायचं सुटलं. आपण स्टार्टर टाकून नुसता सेल्फ ठेवला. आमच्या सेल्फला मात्र त्या दिवसांत ढकलायला वॉचमन आणि इस्त्रीवाले भैया लागत होते.)

शेवटी तुमचा प्रश्न, ‘जुना सेल्फ उघडून पाहिलात का?’ पाहिला. बदलीत द्यायचा असतो, पण बाबांची शिकवण, काढलेला पार्ट घरी आणायचा. पाचशे रुपये जास्त भरून आणला. तो बाल्कनीत कुंड्यांमागे पडलाय. कार्बन अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत, सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट काळपट पण सपाट. पण आर्मेचरवर, म्हणजे आतल्या फिरत्या भागावर, एका बाजूला घासल्याची चकाकती रेघ आहे, आणि मागचा बुश (त्याच्या दांड्याचा आधार) मला किंचित ढिला वाटतो. म्हणजे थोडाफार तोही आजारी होता का, हे मला ठरवता येत नाही. रविवारी लालबागला येणारच आहे मसाला दळायला. पिशवीत घालून आणू का?