पहिली गाडी नायट्रो घेऊ नका, प्लीज

गेल्या रविवारी मैदानावर एक कॉलेजचा मुलगा आला, हातात सेकंडहँड वन-एटथ (खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश मापाची) नायट्रो बगी, म्हणजे नायट्रो फ्युएलच्या छोट्या इंजिनावर पळणारी रिमोट कंट्रोल (आरसी) गाडी. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशातून घेतलेली. पुलस्टार्टची दोरी ओढून ओढून तळहाताला फोड आला होता त्याच्या, आणि इंजिन नुसतं फुर्र करून बंद. मला म्हणाला, ताई जरा बघता का.

ग्लो प्लग (तापलेल्या तारेने फ्युएल पेटवणारा प्लग) काढून त्याला इग्नायटर, म्हणजे ती तार तापवणारी छोटी बॅटरी, लावला, कॉइल छान केशरी पेटत होती, म्हणजे प्लग ठीक. मग प्लग परत बसवला आणि फ्लायव्हील हाताने फिरवलं. थंड इंजिनात पिस्टन वर आला की घट्ट अडकायला पाहिजे, स्लीव्ह (पिस्टन ज्यात वर-खाली सरकतो ती नळी) वरच्या टोकाला मुद्दाम किंचित निमुळती असते, त्यालाच पिंच म्हणतात. इथे फ्लायव्हील आपलं गरगर फिरतंय, अडकायचं नावच नाही. इंजिन संपलेलं होतं. आधीच्या माणसाने लीन, म्हणजे हवेच्या मानाने फ्युएल कमी ठेवून, चालवून चालवून त्याची वाट लावली आणि विकताना पोराला सांगितलं, "फक्त ट्यूनिंग करून घे." मला हे पाहून खरंच राग आला.

मी स्वतः नायट्रोवाली आहे. बारा वर्षं चालवतेय. तो आवाज, पाइपमधून निघणारी निळसर धुराची रेघ, हाताला लागलेला तेलाचा वास, हे सगळं मला मनापासून आवडतं. म्हणूनच सांगते, नवीन माणसाला "खरी आरसी म्हणजे नायट्रो, इलेक्ट्रिक खेळणं आहे" असं सांगणं बंद करा.

नायट्रो फ्युएल म्हणजे मिथेनॉल, साधारण 20-25 टक्के नायट्रोमिथेन आणि बाकी ऑइल. या टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं वंगण नसतं, जे काही तेल मिळतं ते फ्युएलमधूनच. त्यामुळे नीडल, म्हणजे कार्ब्युरेटरवरचा फ्युएल कमी-जास्त करणारा स्क्रू, जरा जास्त आवळली की फ्युएल कमी, म्हणजे तेलही कमी, आणि तापमान भसाभस वर. लीन झाल्यावर सुरुवातीला गाडी उलट भन्नाट पळते हो, नवख्याला वाटतं वा काय ट्यून जमलंय, आणि तेवढ्यात आत पिस्टन घासला जात असतो.

त्यात आपली हवा. नाशिकला मे महिन्यात दुपारी ट्यून केलेली गाडी मी एकदा डिसेंबरात सकाळी सातला तशीच पळवली होती, नीडलला हातही न लावता. थंड हवा दाट असते, ऑक्सिजन जास्त जातो, फ्युएल तेवढंच, की झालं लीन. तिसऱ्या टँकला इंजिन गेलं. महाबळेश्वरला घेऊन जा, तिथे हवा विरळ, तीच गाडी रिच (फ्युएल जास्त) होऊन धूर ओकते. आणि पावसाळ्यात कॅनचं झाकण सैल राहिलं की मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, मग कितीही नीडल फिरवा. शिवाय मिथेनॉल विषारी, उन्हात त्याची ज्वाळा धड दिसतही नाही, लहान मुलं असलेल्या घरात हा कॅन कुठे ठेवणार ते आधी ठरवा.

इलेक्ट्रिकला कमजोर म्हणायची सवय जुनी आहे. ब्रश्ड 540 मोटर आणि 7.2 व्होल्टची निकेलची बॅटरी होती तेव्हा ते बऱ्यापैकी खरंही होतं. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आणि ब्रशलेस मोटर आल्यावर काय राहिलं त्यात? 3300 केव्हीची (म्हणजे एका व्होल्टमागे 3300 आरपीएमची) मोटर टू-एसवर, म्हणजे दोन सेलच्या 7.4 व्होल्ट लायपोवर टाका, विनालोड 24 हजारांच्या वर आरपीएम, आणि थ्रॉटल दाबला त्या क्षणी टॉर्क. सोसायटीतून कुणी भांडायला येत नाही. नवीन पोराला गाडी *चालवायला* मिळते, ब्रेक कुठे मारायचा, उडी मारताना नाक कसं सांभाळायचं, डिफमध्ये (डिफरन्शियलमध्ये) तेल किती जाड घालायचं, हे सगळं शिकायला वेळ मिळतो. नायट्रोत तो वेळ दोरी ओढण्यात जातो.

लायपोला शिस्त लागते हे मात्र आहे. 5000 एमएएचचा पॅक 5 अँपिअरनेच चार्ज करा, बॅलन्स लीड (सगळे सेल सारखे चार्ज ठेवणारी वायर) लावूनच, समोर बसून. फुगलेला पॅक "अजून एकदा चालेल" म्हणून वापरायचा नाही. महिनाभर ठेवायचा असेल तर सेलमागे 3.8 व्होल्टवर आणून ठेवा. बस, एवढंच. नीडल ऐकायला कान तयार व्हायला मला दोन वर्षं लागली होती.

नायट्रो कधी घ्यायची? जेव्हा तुम्हाला इंजिनाचीच ओढ लागेल. आयडलवर फ्युएल ट्यूब चिमटीत दाबायची, दोन-तीन सेकंद आवाज तसाच राहून किंचित चढायला पाहिजे मग बंद, लगेच भडकला तर लीन, बराच वेळ रेंगाळून मग बंद पडला तर रिच. हे करताना ज्याला वेळेचं भान राहत नाही त्याने जरूर घ्यावी. वर्ल्ड्सला (जागतिक स्पर्धेत) वन-एटथ नायट्रोची फायनल तासभर चालते, पिटमध्ये काही सेकंदांत टँक भरून गाडी परत ट्रॅकवर, ती मजा बॅटरीत नाही हे मी कुठेही सांगेन.

त्या मुलाला मी माझी जुनी टू-एस बगी दिलीय चालवायला. त्याचं इंजिन खोलून, आफ्टर-रन ऑइल (इंजिन ठेवून देताना गंजू नये म्हणून घालायचं तेल) घालून, डब्यात ठेवलंय. नवीन पिस्टन-स्लीव्ह मिळाले की पहिल्या पाच-सहा टँकचं ब्रेक-इन (नवे भाग हळूहळू रुळवणं) त्याच्या हातानेच करून घेणार आहे, मी नुसती शेजारी बसणार टेंपरेचर गन घेऊन.