सहकुटुंब, सहपरिवार, चिखलासह

आमचा शिडाच्या होड्यांचा क्लब अगदी कुटुंबवत्सल आहे. म्हणजे नेमकं काय, ते वर्गणी भरल्यावर कळतं. लेक होडीत, बायको चहाच्या काउंटरमागे आणि मी चिखलात.

क्लब इंग्लंडमधल्या एसेक्समध्ये, माल्डन गावाजवळ, ब्लॅकवॉटर नदीच्या खाडीवर आहे. ओहोटीला पाणी असं काही पसार होतं की नदी शोधावी लागते. मागे उरतो तो चिखल. माल्डनचे लोक त्यातून दरवर्षी धावण्याची शर्यत लावतात, हौसेने. आम्ही होडी ढकलतो तेव्हा मात्र पाय वर येतो आणि गमबूट खालीच राहतो. नुसता मोजा हवेत. हातात होडीची दोरी, त्यामुळे बूट काढायला वाकायचीही सोय नाही.

होड्या काढायच्या त्या भरतीच्या मागेपुढे दोनेक तासांत. भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते, म्हणजे आमचा रविवार चंद्राच्या ताब्यात. इथे उधाणाची भरती दुपारच्या सुमारास, ऐन जेवणाच्या वेळेला. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे लहान भरती, ती पहाटे नाहीतर संध्याकाळी. वरणभात गरम खाल्लेला रविवार आता आठवत नाही.

त्यात उन्हाळ्यात आई आली. आई देवगडची. मुलांच्या शर्यतीची तारीख ऐकून तिने कालनिर्णय काढलं.

"अरे, त्या दिवशी अमावास्या आहे. पोरीला पाण्यात घालतोस?"

क्लबचे अध्यक्ष, इथे त्यांना कमोडोर म्हणतात, उत्साहाने म्हणाले, "त्यांना सांगा, त्या दिवशी पाणी सगळ्यात मोठं असतं!"

मी सांगितलं. आई म्हणाली, "म्हणूनच म्हणते मी."

तरी लेक गेलीच. होडी ऑप्टिमिस्ट जातीची, 1947 साली फ्लॉरिडात खास मुलांसाठी काढलेली, जेमतेम सव्वादोन मीटर लांब, पुढचं नाक कापल्यासारखी. आईने ती पाहून "ही अर्धीच आहे" असा शेरा मारला आणि तिच्याकडे पाठ करून रामरक्षा सुरू केली. मी काठावरून "सुकाणू पलीकडे ढकल!" असं ओरडत होतो. सगळेच पालक ओरडत होते. वारा आमच्याकडे येत होता, तेव्हा मुलांना काही ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

लेक सगळ्यांच्या शेवटी आली, पण निकालात तिसरी. इथे लहानमोठ्या होड्या एकत्र पळवतात आणि मग प्रत्येकीचा पोर्ट्समथ नंबर घेऊन वेळेचा भागाकार करतात. होडी जितकी मठ्ठ तितका नंबर मोठा, आणि हिशोबात वेळ तितकी कमी. कमोडोरांनी कागद पुढे धरून आईला हे सगळं गणित समजावलं. मी ओळीओळीने मराठी करत होतो. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ग्रेस मार्क म्हणा की!"

कमोडोर माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, तिला पद्धत फार आवडली.