सगळे पार्ट टॉपचे घेतले की पीसी टॉपचा होतो?

सध्या रील्स आणि व्हॉट्सॲपवर एक सल्ला जोरात फिरतोय: 'हाय-एंड गेमिंग पीसी बांधायचाय? मग प्रत्येक पार्ट टॉपचा घ्या, पुढची पाच-सात वर्षं बघायला नको.' साठवलेले दोन-तीन लाख घालायला निघालेल्या पोरांना कुणी असं सांगितलं की मला राहवत नाही.

म्हणे, प्रोसेसरमध्ये जास्त कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) म्हणजे जास्त एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम). एएमडी कंपनीचा रायझन ७ ९८००एक्स३डी हा प्रोसेसर आठ कोअरचा. अमेरिकेत तो ४७९ डॉलरला आला. सोळा कोअरचा ९९५०एक्स३डी ६९९ डॉलरला. गेममध्ये दोघं जवळपास बरोबरीला, कारण गेमला खरा फायदा होतो वाढीव कॅशचा (प्रोसेसरमधल्या अतिजलद मेमरीचा), आणि सोळा कोअरवाल्यातही ती दोनपैकी एकाच चिपलेटवर (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या चिपवर), म्हणजे आठच कोअरना मिळते. रेंडरिंग करत असाल तर सोळा जरूर घ्या. नुसतं खेळायचं असेल तर फरकाचे पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. ४के रिझोल्यूशनवर बहुतेक भार तिथेच येतो.

'रॅमचे चारही स्लॉट भरा' हे तर सरळ नुकसान. रायझन ९००० साठी एएमडीने दिलेला अधिकृत वेग रॅमच्या दोन स्टिकना (पट्ट्यांना) ५६००, चार लावल्या की ३६००. दोनच घ्या आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारा पर्याय, चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम त्याहून कमी वेगावरच चालत राहील.

महागडा मदरबोर्ड एफपीएस वाढवत नाही. नव्या, जास्त वेगवान पिढीच्या जेन ५ एसएसडीने गेम लोड व्हायला जेमतेम फरक पडतो.

सगळ्यात घातक गैरसमज एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा: 'वॅट भरपूर, वर गोल्ड लिहिलंय, झालं.' गोल्ड म्हणजे फक्त वीज किती कमी वाया जाते त्याचा दाखला. आतली संरक्षणाची सर्किटं कशी आहेत, याबद्दल तो काहीच सांगत नाही. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० हे ५७५ वॅटचं ग्राफिक्स कार्ड, आणि क्षणभर ते त्याच्याही वर उसळी मारतं. अशा उसळ्या झेलायची अट एसएमपीएससाठीच्या एटीएक्स ३.० आणि ३.१ या मानकांमध्ये आहे, म्हणून तेच बघून घ्या. एनव्हिडिया या कार्डासाठी १००० वॅटचा एसएमपीएस सुचवते. कार्डाचा पॉवर कनेक्टर ६०० वॅटचा, म्हणजे हाताशी फारसं काही उरत नाही. प्लग अर्धवट बसला तर पिना तापून प्लास्टिक वितळू शकतं. आधीच्या आरटीएक्स ४०९० कार्डाच्या वेळी हे घडलेलं आहे. टॉर्च मारून बघा, फट दिसता कामा नये. प्लगच्या अगदी जवळ केबल वाकवू नका.

कूलरचंही तेच. कितीही भारी घ्या, खोलीतल्या हवेपेक्षा थंड तो काहीच करू शकत नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पुढून काच असलेल्या कॅबिनेटपेक्षा जाळीचं कॅबिनेट जास्त कामाला येतं.

राहिली पाच-सात वर्षं. या रायझनचं एएम५ सॉकेट (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) किमान २०२७ पर्यंत चालवायचं एएमडीने जाहीर केलंय. म्हणजे आज मधला प्रोसेसर घेऊन पुढे त्याच बोर्डवर नवा बसवता येतो. सगळं आजच टॉपचं घ्यायची गरजच नाही.