“तळाला साखर साचली होती” या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार सर,

आपला रिव्ह्यू वाचला. सांगलीहून कुटुंबाला घेऊन कर्नाटकात अथणी तालुक्यातल्या आमच्या छोट्या वाइनरीत आलात, रविवार आमच्याकडे घालवलात आणि नाराज होऊन परतलात, याचं वाईट वाटलं. ताटकळावं लागलं त्याबद्दल माफी असावी.

एक स्टार दिलात, तेही सोसलं असतं. पण आपण जे लिहिलंय ते असं आहे : “रेड वाइनच्या तळाला चक्क साखर साचली होती. अथणीत एवढे साखर कारखाने उगाच नाहीत. द्राक्षाच्या नावाखाली साखरपाणी, तेही साडेसातशे रुपयांना.” वाक्य झकास जमलंय, खाली लोक हसलेतही. त्या दिवसापासून फोनवर चौकशी करणारा प्रत्येक जण आधी साखरेचंच विचारतो. एकांनी तर येणारा ग्रुप रद्द केला. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, कंटाळा येईल, पण वाचा.

ती साखर नव्हे. ते टार्टरचे खडे. चिंच ज्यामुळे आंबट लागते ते टार्टारिक आम्ल द्राक्षातही असतं. द्राक्षातल्या पोटॅशियमबरोबर त्याचं मीठ तयार होतं. रस आंबून त्यात अल्कोहोल आलं आणि वरून गारवा मिळाला, की ते मीठ विरघळलेलं राहत नाही, तळाशी बसतं. पांढऱ्या वाइनमध्ये खडे स्वच्छ दिसतात, रेडमध्ये रंग पिऊन जांभळट होतात. बेकरीवाले क्रीम ऑफ टार्टर म्हणून जी पांढरी पावडर घेतात, ती हीच, फक्त शुद्ध केलेली. दाताखाली कचकचतात हे मान्य, पण त्यांनी कुणाच्या पोटात दुखत नाही.

ते आपल्याच बाटलीत का निघाले, तेही सांगतो. रेड वाइन फार गार पीत नाहीत हे आम्हालाही माहीत आहे. पण आमच्याकडचं मार्चचं ऊन आपण पाहिलंत. येणारे दहातले आठ जण रेडसुद्धा गारच मागतात, आणि पाहुण्याला शिकवत बसणं मला जमत नाही. म्हणून रेडच्या काही बाटल्या कायम फ्रिजमध्ये असतात, कधी कधी आठवडाभर. आपली त्यातलीच. “एकदम चिल्ड द्या” असं आपणच म्हणालात, वर ग्लासात बर्फही घेतलात. घ्यावा, पैसे आपले. पण गारठ्याने बसलेल्या खड्यांना साखर म्हणून आमचं नाव घालवू नये, एवढंच माझं म्हणणं.

मोठ्या वाइनरीत हे खडे बाटलीपर्यंत येऊ देत नाहीत. वाइन शून्याच्या खाली चार अंशांच्या आसपास आठ-पंधरा दिवस ठेवतात, खडे टाकीतच पाडतात आणि मग गाळून बाटल्या भरतात. आमचा चिलर लहान. शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन आंबत असताना टाकी पंधरा अंशांवर धरून ठेवायची म्हटलं तरी त्याला धाप लागते, आणि थ्री फेज येणार रात्री कुठल्या वेळेला ते कुणी सांगावं! उणे चार आमच्या आवाक्यात नाही. रेड तर आम्ही मुद्दामच फार गाळत नाही. गाळून गाळून वाइन चकचकीत होते, पण तिचा वासही गाळात जातो असं माझं मत आहे. मुलाचं वेगळं आहे, तो फिल्टर घ्या म्हणून मागे लागलाय.

आता साखर घालण्याबद्दल. घालायची तर गरज तरी हवी! थंड देशांत द्राक्ष पुरतं पिकत नाही, तिथे काही भागांत रसात साखर घालायची रीत आहे. आपल्याकडे सगळं उलटं. आमची शिराज, म्हणजे रेड वाइनची द्राक्षं, तोडणीला येते तेव्हा साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर तेवीस-चोवीस ब्रिक्स दाखवतो. म्हणजे किलोभर रसात पाव किलोच्या जवळपास साखर द्राक्षाची स्वतःचीच. लिटरमागे साधारण सतरा ग्रॅम साखर यीस्टने खाल्ली की एक टक्का अल्कोहोल होतं. हिशोब आपणच करा, तेरा टक्के सहज होतात. वर आणखी साखर ओतून मी करू काय? आम्हाला कमी पडतं ते आम्ल. या उन्हात द्राक्ष गोड होता होता त्याचा आंबटपणा उतरतो, आणि काही वर्षी आम्हाला रसात टार्टारिक आम्ल घालावं लागतं. ते मी लपवत नाही, विचारलं असतंत तर तिथेच सांगितलं असतं. टाकीशेजारी वही टांगलेली असते. त्यात रोज सकाळ-संध्याकाळचं ब्रिक्स आणि तापमान आई स्वतः लिहिते. आकडा तेवीसवरून उतरत उतरत शून्याच्याही खाली जातो, म्हणजे साखर संपली. आपण ज्या बाकावर बसला होतात त्याच्या मागच्याच भिंतीला ती वही होती.

साखर कारखान्यांचा टोला मात्र जिव्हारी लागला. आमच्या सगळ्या भावकीत ऊसच आहे. बेदाण्याच्या दिवसांत आमच्याकडेही थॉमसन जातीची द्राक्षंच होती, माल तासगावला जायचा. राज्याचं वाइन धोरण २००७ ला आलं. त्यानंतर वडिलांनी थॉमसनचा एक तुकडा उपटून तिथे शिराज आणि कॅबर्ने लावली, तेव्हा चुलते म्हणाले होते, याला वेड लागलंय. ऊस सोपा असं मी म्हणत नाही, पण ऑक्टोबरात फळछाटणी झाल्यावर आभाळ भरून आलं की उसासाठी कुणी रात्री उठून फवारणीचा पंप काढत नाही. कोवळ्या फुटीवर एकदा डाउनी, म्हणजे बुरशीचा रोग, उतरला की वर्ष गेलं. थॉमसन एकरी दहा-बारा टन निघते. वाइनच्या बागेत आम्ही आपल्याच हाताने घड काढून टाकतो, चार-पाच टनांवर थांबतो, तेव्हा कुठे रंग धरतो. एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्ष लागतं. त्यावर काच, बूच, लेबल, एक्साइज. साडेसातशेत हे सगळं आहे. साखरच विकायची असती तर गेटवर उसाची ट्रॉली उभी केली असती, कमी त्रासात जास्त पैसे मिळाले असते.

“मालकाने काळ्या नखांनी ग्लास पुढे केला” असंही लिहिलंय. सर, तो दिवस कॅबर्नेच्या तोडणीचा होता. क्रशरमध्ये देठ अडकले, मी कोपरापर्यंत हात घालून ते काढत होतो. लाल द्राक्षाचा रंग नखात बसला की साबणाने जात नाही, लिंबू चोळा नाहीतर काहीही करा, हंगाम संपल्यावरच जातो. हात धुऊनच आलो होतो. आमच्या मिसेस म्हणतात, तोडणीच्या दिवसांत पाहुण्यांसमोर तुम्ही येऊच नका. पण त्या दिवशी दुसरं होतं कोण?

वेळ लागला तो याचसाठी. पहाटे तोडलेला माल ऊन चढायच्या आत क्रशरमधून गेला पाहिजे, नाहीतर क्रेटमध्येच तापायला लागतो. आपण फोन न करता अकराच्या सुमारास नऊ जण आलात. पुतण्या टेस्टिंग बघतो, तोही पंपावर होता. कामावरच्या बायका कन्नडमध्ये बोलून आपल्यावर हसत होत्या असं आपल्याला वाटलं. आमच्या गावात निम्मं बोलणं कन्नड आणि निम्मं मराठी, एका वाक्यातही दोन्ही येतात. पाइप निसटून माझ्या अंगावर रस उडाला, त्या माझ्यावर हसत होत्या. आपल्याकडे बघायला त्यांना सवड नव्हती.

आपण घरी न्यायला मागितलेल्या वाइनच्या बॉक्सचंही सांगतो. “मराठी माणसानेच मराठी माणसाला बॉक्स नाकारला” हे वाक्य मुलाने मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा आईने कपाळावर हात मारला. सर, सीमाप्रश्न १९५६ पासूनचा आहे, त्यात आपण एकाच बाजूला असू. पण कागवाड सोडून म्हैसाळच्या हद्दीत शिरलात की राज्य बदलतं, आणि दुसऱ्या राज्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेता येत नाही. पकडले गेला असतात तर गाडी आपली अडकली असती आणि बिलावर नाव आमचं असतं. लहान धंद्याला असलं एक प्रकरण पुरतं. हे आपल्याला काउंटरवर सांगितलं, तेव्हा आपण “मग उगाच दुकान कशाला मांडलंय” म्हणालात. आणि सोबतच्या मुलाचं वय विचारल्यावर जे बोललात ते इथे लिहीत नाही. एकवीसच्या आतल्याला आम्ही ग्लास देत नाही, तो कुणाचाही मुलगा असो.

आपल्या सूचना घेतल्या आहेत. तोडणीच्या दिवसांत भेटीच्या वेळांचं काहीतरी करू. सावलीत पंखा बसवायचा होताच. खड्यांबद्दल दोन ओळी लेबलच्या मागे छापायचा विचार आहे. लेबल बदलायचं म्हणजे पुन्हा मंजुरीचे कागद, त्यामुळे सध्या काउंटरवर पाटी लावतो. फिल्टरचं या हंगामानंतर बघू.

आपण अर्धी ठेवून गेलेली बाटली बूच लावून ठेवली आहे. पिण्यासारखी आता राहिली नसेल, पण खडे आहेत. पुन्हा या बाजूला आलात तर चमचाभर काढून देतो, थंड पाण्यात ढवळून बघा, साखरेसारखे विरघळले तर बोला. जिभेवरही ठेवून बघा. नंतर रिव्ह्यू बदलायचा की तसाच ठेवायचा हे आपणच ठरवा, मी मागे लागणार नाही. येताना फोन मात्र करा. गुरुवारी आम्ही बंद असतो.

कळावे,
मालक, अथणी तालुका