मुलामा म्हणजे झाकपाक नव्हे

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा मुद्दा असा की, मी कौतुक केलेल्या चिनी धुपाटण्याच्या तळाशी मिंग घराण्यातल्या शुआंद सम्राटाच्या राजवटीचा शिक्का आहे, पण ते त्या काळातलं नाही, म्हणजे बनावट. आणि ब्रॉन्झवर सोनं चढवणं हा मुळातच नवश्रीमंतांचा भपका, मिंग काळातला अभिरुचीवर लिहिणारा लेखक वेन झेनहेंगसुद्धा त्याला नाकं मुरडायचा.

काळाबद्दल तुमचं बरोबर आहे. शिक्का पाहून मी १४२६–३५ असं लिहून मोकळा झालो, ही माझी चूक. लेखात दुरुस्ती केली आहे. सहा अक्षरांचा तो शिक्का सतराव्या-अठराव्या शतकांत सर्रास उमटवला जायचा. त्यात गिऱ्हाइकाला गंडवणारेही होते. पण जुन्या नामांकित घडणीचं नाव आदरानं पुढे चालवण्याची रीतही तिथे होती. नुसत्या शिक्क्यावरून वस्तूला बनावट म्हणणं मला पटत नाही.

मुलाम्याच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. हू वेनमिंगच्या घडणीची धुपाटणी घ्या. मिंग काळाच्या उत्तरार्धातला हा कारागीर युनच्यानचा, म्हणजे आजच्या शांघायजवळच्या सोंगज्यांगचा. त्याच्या पद्धतीच्या कामात लाटांवरून झेपावणारे सागरी प्राणी उठावात असतात आणि सोनं असतं ते त्या उठावावर. मागची जमीन तपकिरी, काळपट. सोनं पाऱ्यात कालवून त्याचा लेप द्यायचा, मग तापवायचं. पारा उडून जातो, सोनं धातूला धरून राहतं, आणि शेवटी घोटून चकाकी आणायची. आयाळीच्या कडेपर्यंत लेप न्यायचा आणि तिथेच थांबायचं, याला चित्रकाराचा हात लागतो. पाऱ्याची ती वाफ कारागिराच्या अंगात भिनायची, हेही विसरू नये. असं एक धुपाटणं मी काचेला नाक लावून पाहिलं आहे. प्राण्याच्या पाठीवरचं सोनं हाताळून झिजलेलं, पण पोटाखालच्या खोबणीत अजून पिवळंजर्द होतं. खाली काय धातू आहे, हे ती वस्तू कुठेच लपवत नव्हती.

वेन झेनहेंगनं मुलाम्याची आणि या ‘हू’च्या घडणीची काही धुपाटणी टाळायला सांगितली, हे खरं. पण तो सूचोच्या खानदानी घरातला, चित्रकार वेन झेंगमिंगचा पणतू. अभ्यासिकेत काय शोभतं, एवढंच तो ठरवत होता. ज्या वस्तूंना नावानिशी नाकारावं लागतं, त्या घरोघरी पोचलेल्या असणार, असं मला वाटतं. त्याच्या यादीत बौद्धांच्या आठ मंगलचिन्हांचा नमुनाही आहे. देवापुढे धूप जाळणाऱ्या माणसाला ती चिन्हं भपका कशी वाटतील?

आणि ही हौस मिंग काळातल्या व्यापाऱ्यांपासून सुरू झालेली नाही. १९८१ मध्ये शाआनशी प्रांतात, मिंगच्या कितीतरी आधीच्या हान घराण्यातल्या सम्राट वू याच्या माओलिंग समाधीजवळ ५८ सेंटिमीटर उंचीचं एक धुपाटणं सापडलं. बांबूच्या पेरांसारखा दांडा, खाली बुडाला ड्रॅगन, वर डोंगराच्या आकाराचं झाकण, सगळं सोन्या-चांदीनं मढवलेलं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं, वेईयांग राजवाड्यातल्या शयनगृहासाठी केलेलं. त्यावरच्या लेखात त्याची नोंदच ‘सोन्याचा पिवळा लेप दिलेलं, बांबूच्या पेरांचं धुपाटणं’ अशी आहे, पुढे वजनही दिलं आहे. मुलामा आहे, हे घडवणाऱ्यांनी स्वतःच त्या धातूवर कोरून ठेवलं.