सात माणसं आणि तीन वर्षं

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव पोर्शेनं दुचाकीवरच्या दोघांना उडवलं. दोघंही तरुण, दोघंही अभियंते, दोघंही गेले. त्याच दिवशी मुलाला जामीन झाला आणि जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध होता. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर हा विषय निघाला की भाचा मला विचारतो, "मावशी, तुमच्याकडे इंग्लंडमध्ये याला जन्मठेप झाली असती ना?"

कायद्याच्या पुस्तकात तशी सोय आहे खरी. धोकादायक गाडी चालवून जीव घेतल्यास पूर्वी कमाल १४ वर्षं होती, जून २०२२ पासून ती जन्मठेप झाली. पण तो वरचा आकडा. सतरा वर्षांच्या मुलाला इथंही प्रौढाचं माप लावत नाहीत. आणि दारूची मर्यादा तर इंग्लंडमध्येच सैल आहे: १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम. आपल्याकडे ३० आहे. कडक कायदा कुणाचा, या वादात आपण हरत नाही.

मला फरक दिसला तो कोर्टात. इथल्या क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर गुन्ह्यांचे खटले चालतात तिथं, कुणालाही जाऊन बसता येतं, तशी मी एकदा बसले. पिऊन गाडी चालवणाऱ्या माणसानं एका बाईचा जीव घेतला होता. तिच्या मुलीनं उभं राहून आपलं निवेदन वाचलं. कागद थरथरत होता, पण तिला कुणी घाई केली नाही. मग न्यायाधीशांनी शिक्षेचा हिशोब सगळ्यांसमोर मांडला. मार्गदर्शक तत्त्वांनुसार गुन्हा कुठल्या गटात बसतो, सुरुवात किती वर्षांपासून, कशामुळे वाढ, गुन्हा लगेच कबूल केला म्हणून किती सूट. सर्वांत गंभीर गटात सुरुवात १२ वर्षांची आणि पट्टा ८ ते १८ चा. शेवटचा आकडा मला कमी वाटला, आजही वाटतो. सांगितलेली सगळी वर्षं माणूस आत काढत नाही, यावरून इथंही लोक संतापतात. पण तो आकडा कुठून आला हे त्या मुलीला कळलं होतं. तिलाही तो फारच कमी वाटला असता, तर २८ दिवसांत ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा सल्लागाराकडे, दाद मागता आली असती. तिलाच कशाला, मागच्या बाकावरच्या मलासुद्धा.

आता मुंबईतला कार्टर रोड आठवा. नोव्हेंबर २००६. फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढली, सात जण मेले. सत्र न्यायालयानं हलगर्जीपणाचं कलम धरून सहा महिने दिले. हायकोर्टानं त्याहून गंभीर असा सदोष मनुष्यवध धरला आणि तीन वर्षं दिली. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की ही शिक्षा फारच थोडी आहे, पण राज्य सरकारनं अपीलच केलेलं नाही, म्हणून वाढीचा विचार करत नाही. सात माणसं, तीन वर्षं, आणि सरकारनं अपील केलं नाही म्हणून विषय तिथंच संपला. हे वाचते तेव्हा मला निबंधापेक्षा जास्त राग येतो.

कारण मेलेल्यांच्या घरच्यांना ते अपील करताच येत नाही. आरोपी सुटला, सौम्य कलम लागलं, भरपाई अपुरी मिळाली, तर पीडिताला अपील आहे. शिक्षा अपुरी आहे, एवढ्याच कारणासाठी नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नव्हतं आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही तेच ठेवलंय.

आपण मात्र कमाल शिक्षेवर भांडतो. हलगर्जीपणानं मृत्यूची कमाल शिक्षा दोनाची पाच वर्षं झाली. अपघात करून पळणाऱ्यासाठी दहा वर्षांचं कलमही आलं आणि ट्रकचालकांच्या संपानंतर बाजूला ठेवलं गेलं. छत वर नेऊन काय होणार, खाली किती द्यायची याला काही मोजमाप नसेल तर? आणि रक्ताचा नमुनाच बदलला, तर कुठलंच मोजमाप चालत नाही. पुण्यात याच आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. इथं इंग्लंडमध्ये नमुना द्यायला विनाकारण नकार देणं हाच वेगळा गुन्हा आहे, त्यात लायसन्स जातंच.

भाच्याला मी म्हटलं, तू वकिली शिकतोयस, जन्मठेपेचं राहू दे. तुझ्या प्राध्यापकांना एवढं विचार, की त्या सात घरांतल्या कुणाला "ही शिक्षा कमी आहे" असं वरच्या कोर्टात म्हणायचं असेल, तर त्यानं कुठल्या कलमाखाली जायचं.