छत्तीसचा आकडा

सोसायटीच्या कॉम्प्युटरमधून मी ३६ जीबी लंपास केल्याचा संशय आहे. लेखी काही आलेलं नाही. पण आमचे खजिनदार काका लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेले, आणि लिफ्टमध्ये भेटले की हल्ली माझ्या पर्सकडे बघतात.

काम फुकटचं होतं, म्हणजे अर्थातच माझ्याकडे आलं. ऑफिसातली ५०० जीबीची हार्ड डिस्क रखडायला लागली होती, स्मार्ट रिपोर्टात (डिस्क स्वतःच्या तब्येतीचा देते तो) पेंडिंग सेक्टर, म्हणजे धड वाचता न येणारे बारके तुकडे, दिसायला लागले होते. ५१२ जीबीची साटा एसएसडी (जुनीच्याच जोडणीवर बसणारी, पण वेगवान डिस्क) आणायची, जुनीचा क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, तिच्यावर उतरवायचा आणि मशीन पूर्वीसारखं सुरू करून द्यायचं.

"त्यात काय मोठंसं? सी ड्राइव्ह उघड, कंट्रोल ए, कंट्रोल सी," काका म्हणाले. त्यांच्या भाच्याने म्हणे पाच मिनिटांत केलं होतं. हे भाचे राहतात कुठे, आणि काम निघालं की नेमके कुठे जातात?

कंट्रोल सी करून फायली येतात, विंडोज येत नाही. चालू असलेल्या रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंगच्या) फायली तर कॉपीच होत नाहीत. शिवाय यूईएफआय (मशीनला जागं करणारं आतलं सॉफ्टवेअर) असलेलं मशीन सुरू होताना सी ड्राइव्हकडे बघतही नाही. ते शोधतं ईएफआय पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा एक वेगळा कप्पा: साधारण १०० एमबीचा, फॅट३२ पद्धतीचा, ड्राइव्ह लेटर नसलेला. विंडोजला उठवणारा बूट मॅनेजर तिथे राहतो. तेवढं राहून गेलं तर सगळं वऱ्हाड पोचलं आणि भटजीच आले नाहीत, अशी गत. त्याच्याशेजारी १६ एमबीचं राखीव पार्टिशन, मग सी, शेवटी रिकव्हरी. न्यायची तर अख्खी डिस्क न्यायची.

मी क्लोनझिला वापरते, डिस्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. पेन ड्राइव्हवरून सुरू करायचं, 'डिव्हाइस-डिव्हाइस' निवडायचं. नवी डिस्क जुनीपेक्षा एका बाइटनेही लहान नको, नाहीतर ते अडून बसतं. आधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करायचं, कारण ते चालू असताना शटडाउन म्हणजे अर्धी झोपच असते आणि क्लोनझिला असं पार्टिशन घ्यायला कुरकुरतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवायची. डिस्क फारच गेलेली असेल तर क्लोनझिलाच्या नादी न लागता डीडीरेस्क्यू: ते वाचता येईल तेवढं आधी उचलतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं.

मशीनमध्ये दुसरी साटा केबल नव्हती, म्हणून मी घरून माझी यूएसबी-साटा केबल आणली. ती निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या, पोर्टात लावायची. काळ्या यूएसबी २ मध्ये सेकंदाला ३०-३५ एमबीच्या वर जात नाही, म्हणजे डिस्कवर भरलेल्या १३० जीबीला तासाच्या वर. काही डॉक (डिस्क खोचायचे यूएसबीचे खोके) ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवतात. त्यावर केलेला क्लोन मशीनच्या आत लावला की पार्टिशनच सापडत नाहीत. माझी केबल तशी नाही. चांगली आहे. हे लिहून ठेवते आहे, कारण पुढे लागणार आहे.

क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवायचीच. दोघींच्या ओळखखुणा सारख्या असतात. विंडोज एकीला ऑफलाइन करतं, किंवा आपण नवीवर आहोत असं वाटतं आणि चालत असते जुनीच. एवढं करूनही सुरू झालं नाही, तर इन्स्टॉलेशनच्या पेन ड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून, डिस्कपार्टमध्ये ईएफआय पार्टिशनला अक्षर देऊन, बीसीडीबूटने बूट फायली नव्याने लिहायच्या. आमच्याकडे ती वेळ आली नाही. मशीन सुरू झालं, झटकन झालं. काका खुर्ची ओढून शेजारी बसले.

"बिलावर किती?"

"५१२."

"इथे किती दिसतंय?"

"४७६ पॉइंट..."

"पॉइंटच्या पुढचं आम्ही सोडतो. ३६ कुठे गेले?"

मी समजावलं. विकणारे जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, त्याची जीबी १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइटची. बाइट तेवढेच, माप वेगळं. काकांनी ड्रॉवरमधून कॅल्क्युलेटर काढला.

"५१२ वर ३६. सात टक्के."

"हो."

"जुनी ५०० ची होती. तिच्यात किती दिसायचे?"

"४६५."

पुन्हा कॅल्क्युलेटर. "सातच टक्के!" काका मागे रेलले. "म्हणजे रेट ठरलेला आहे."

"कोणाचा रेट?"

"ते मी कसं सांगू? डिस्क तू आणलीस."

मग त्यांना डिस्क मॅनेजमेंटमधली काळी पट्टी दिसली. ती ११ जीबीची मोकळी जागा, जुनीपेक्षा नवी जेवढी मोठी तेवढी. सी ला ती जोडता येत नाही, कारण मध्ये रिकव्हरी पार्टिशन बसलंय. विंडोज फक्त लगेच उजवीकडची जागा घेऊ शकतं. जीपार्टेड या पार्टिशन हलवायच्या सॉफ्टवेअरने रिकव्हरी शेवटाला सरकवली की झालं.

"म्हणजे ३६ आणि ११, ४७."

"काका, ११ गेलेले नाहीत. समोर दिसतायत."

"दिसतात पण वापरता येत नाहीत, त्याला आम्ही बुडीत म्हणायचो." मग आवाज मऊ करून, "तुझ्या मिस्टरांना एकदा दाखवून घेतलंस का?"

माझे मिस्टर प्रिंटरमध्ये कागद संपला की मला हाक मारतात. पण हे काकांना सांगून काय होणार? या प्रश्नाला मी हसते, सगळ्याजणी हसतात, आणि विचारणाऱ्याला वाटतं आपण काळजीने विचारलं. नेटवर्कचं काम हीच माझी नोकरी. तिथे असं विचारत नाहीत. तिथे निदान पैसे तरी देतात.

रिकव्हरी सरकवून ११ जीबी सी ला जोडून दिले. चहासुद्धा विचारला नाही कोणी. निघताना केबल मागितली, तर काकांनी डेड स्टॉक रजिस्टर माझ्यासमोर उघडलं. 'एसएसडी, १ नग. वायर, १ नग.' सही, तारीख, सोसायटीचा शिक्का.

"काका, ती माझी आहे."

"असेल. पण आता नोंद झाली. निर्लेखनाला ठराव लागतो. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत अर्ज दे, मी विरोध करणार नाही."